रेडिओवर वाजायचं ते

माझ्याकडे ‘पिवळी सायकल’च्या तीन कॅसेटी आहेत.
एकीचं लेबल लाल, एकीचं निळं,
तिसरीला लेबलच नाही, नुसतं बॉलपेननं:
आकाशवाणीसाठी. परत करणे.
परत केलेली दिसत नाही.

गाणं एकच. गळाही एकच, धरणगावच्या वत्सला सैंदाणेचा,
सर्दीतला.
पण लालमध्ये सुरुवातीला बेंजो आहे, लांबलचक,
निळ्यात बेंजो काढून नाशिकचा कीबोर्ड भरलाय,
आणि तिसरीत कीबोर्ड तोच, मधलं कडवं मात्र गायब.

मग त्या वर्षी दुपारी साडेबाराला
अमळनेरच्या निम्म्या दुकानांतून एकदम वाजायचं,
गिऱ्हाइकाचे सुटे पैसे हातातच राहायचे,
ते यातलं कोणतं?

फोटोवाले झांबरे म्हणतात, लाल. पैज लावा.
त्यांची बायको म्हणते, यांना काय कळतं, निळं.
लोटन विचारायच्या आधीच सांगतो.
तीस वर्षं प्रत्येक हळदीत सांगत आलाय,
कार्डावर छापलंय, मुलाच्या सोयरिकीत व्याह्यांना सांगितलंय:
“रेडिओवरला बेंजो मन्हा शे, भो.”

मला कुणाचं काही काढून घ्यायचं नव्हतं.
दुकानात मोबाइलची कामं कमी होती,
हेड साफ केलं, घड्याळ लावलं.
लाल, चार बारा. निळी, तीन एक्कावन्न. तिसरी, तीन चार.

मग वरणगावहून उखर्डू टेलरची टेप आली,
रेडिओसमोर टेपरेकॉर्डर धरून भरलेली.
आधी शिलाई मशीन थांबल्याचा आवाज,
दुसऱ्या ओळीवर बनाबाई विचारतात, वरणात मीठ घातलं का कुणी,
आणि गाणं संपतं न संपतं तोच
रावेर, केळी, क्विंटलला अमुक.
माझ्या कानात ते गाणं अजून केळीच्या भावानंच संपतं.
भाव आला नाही तर मी वाट बघत बसतो.

पण ही भरते दोन चोपन्न.
आणि अर्धा सूर वर.
तिन्हींपैकी कशालाच लागत नाही.
दोन दिवस मी चौथी कॅसेट शोधत होतो,
जी कुणी काढलीच नव्हती.

शेवटी जळगावला नेहेतेबाईंना फोन लावला.
निवृत्त होऊन जमाना झाला, पण उच्चार अजून बातम्यांचे.
“दोन नंबरचं मशीन जरा पळायचं आमचं.
लेखी तक्रार केली होती. तीनदा.”

म्हणजे आम्ही सगळे
थोड्या घाईतल्या वत्सलेवर भाळलो होतो.

मशीनचा स्क्रू फिरवून उखर्डूची टेप हळू केली.
तीन चार. काट्यावर काटा.
तिसरी.
बेंजो नसलेली.

त्या रात्री शटर अर्धं ओढून हेडफोन लावला.
दुसरं कडवं जिथं सुरू होतं
तिथं ढोलकी उचलते, कीबोर्डवाला बोट काढतो,
वत्सला श्वास घेते.
त्या श्वासाच्या मागं काहीतरी आहे.
पुन्हा लावलं. पुन्हा.
चार सूर, डब्यात ठेवलेल्या घुंगरासारखे.
एकाच खोलीत बसवलं असणार दोघांना,
त्याचा ट्रॅक काढला,
पण तिच्या माइकमध्ये शिरलेला तो
कुणाला काढता आला नाही.

मंगळवारी लोटन आला, चार्जिंगची पिन हलत होती.
मी काही बोललो नाही. हेडफोन दिला.
त्यानं डोळे मिटले. त्याची बोटं काउंटरच्या काचेवर
निघाली, थांबली, त्या जागी पोचायच्या आधीच पोचली.
त्यानं स्वतः मागं घेऊन तिनदा ऐकलं.

मला वाटलं, आता विचारेल बाकीचा बेंजो कुठंय.

हेडफोन काढला, वायर नीट गुंडाळली.
“तिसरी तार उतरेल व्हती,” म्हणाला.
“मी सांगेल व्हतं त्यासले.”

मग खिशात हात घालून,
“पिनचे किती झाले?”